मापाचा ब्लाऊज

प्रिय अवंतिका,

आठ दिवस तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. रागवायचा हक्क तुला आहे. पण वीस तारखेला पेठ वडगावला मामाच्या अदितीचं लग्न आहे आणि तू येणार नाहीस असं मामाला परस्पर कळवलंस, ते मला पटलेलं नाही. आधी सगळं वाच. मग ठरव.

तुझी चूक एवढीच, की दिवाळीत तू कपाटातून माझा मापाचा ब्लाऊज गुपचूप काढलास आणि जांभळ्या सिल्कच्या कापडासोबत शाहूपुरीत मीनाबाईंकडे शिवायला टाकलास. लग्नासाठी आईला नवा ब्लाऊज आयता मिळावा, असा तुझा विचार. आपल्याकडे सगळ्या बायका असंच करतात. अंगाला टेप लावून घ्यायची कोणालाच हौस नसते. जुना ब्लाऊज पुढे करायचा आणि 'अगदी असाच' म्हणायचं. पण तो ऑपरेशनच्या आधीचा होता. नवा शिवून घरी आला तेव्हा, घरात मी एकटी असूनही, खोलीला कडी लावून घालून बघितला. डावी बाजू नीट बसली. उजवी रिकामी लोंबत राहिली. तशीच तुला फोन लावला आणि विचारलं, पुण्यात राहून आईची थट्टा करायला शिकलीस का? त्यावर तू आवाज न चढवता जे बोललीस ते माझ्या कानातून जात नाही. "आई, तू मला कधी बघूच दिलं नाहीस. मला कसं कळणार?"

खरं आहे. पट्टी काढली त्या दिवशी मी तुला खोलीबाहेर काढलं होतं. पण ऐक, दीड वर्ष मी स्वतःलाही बघू दिलेलं नाही. न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून अंघोळ करते. मे महिन्यात स्वेटर घालून भाजी आणली. रंकाळ्यावर फिरायला जाणं सोडलं आणि सगळ्यांना सांगितलं, गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत आहे. रिपोर्ट स्वच्छ आले, डॉक्टर हसून म्हणाले आता सहा महिन्यांनी या, आणि मी घरी येऊन जेवले नाही. वाचले याचा आनंद व्हायला हवा होता. मला त्या अंगात राहायचीच लाज वाटत होती. एकतीस वर्षं मुलींना शरीराचा धडा शिकवला, खुदकन हसणारीला बाकावर उभं केलं, आणि माझी ही तऱ्हा.

तो ब्लाऊज घेऊन मीनाबाईंना झापायला गेले. त्यांची प्रीती माझ्या वर्गात होती, म्हणून त्या मला अजून बाई म्हणतात. ऐकून मात्र घेत नाहीत. दीड वर्षात पहिल्यांदा मी ते तोंडाने उच्चारलं, की माझा उजवा स्तन काढलाय, हा ब्लाऊज मला होत नाही. त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाय व्हय? ब्लाऊज चुकलाय बाई, तुमी न्हाय. व्हा आत." पडद्यामागे मी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट धरून उभी. "हात वर करा. आमच्या प्रीतीला तासभर हात वर करून हुबी केलती की तुमी. आता माझी पाळी." मला हसू आलं आणि हात वर गेले, उजवा जेवढा जातो तेवढा. तेवढ्यात बाहेर कोणी फॉल-पिकोची साडी न्यायला आलं, तर यांनी आतूनच आरोळी ठोकली, "थांबा पावणं, हितं बायका हाईत!" डावीचं माप वेगळं घेतलं, उजवीचं वेगळं. टेप व्रणावरून गेली तेव्हा मी डोळे मिटले. "श्वास सोडा. कोंडून धरलासा तर माप चुकतंय." मी श्वास सोडला आणि रडले. चांगली मोठ्याने. त्यांनी काही समजूत घातली नाही. पेन्सिल दातांत धरून काम चालू ठेवलं. वहीत माझ्या नावापुढे दोन वेगळी मापं लिहिली, जशी बाहीची लिहावीत तशी. त्याच सिल्कचं कापड उरलं होतं, त्यात दुसरा शिवते म्हणाल्या. "आत खिसा ठेवते, कापसाची उशी बसवायला. वाटंल तवा घाला, न्हायतर ऱ्हाऊ द्या." तिथून निघाले ती रिक्षा न करता चालत घरी आले, आणि आरशावरचा टॉवेल काढून धुवायला टाकला. अवंतिका, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग तुझ्या खोलीत गेले. तिथे कपाटाच्या कडीला तुझा लग्नातला हिरवा ब्लाऊज अजून लटकतो आहे. अर्णवच्या बाळंतपणात तू तीन महिने माहेरी होतीस, तेव्हा मीच तो तुझ्या डोळ्यांसमोर अडकवला होता. यात मावशील तेव्हा बरी झालीस म्हणेन, असं म्हणाले होते. तू हसलीस. मी समजले, लागलं नाही. अर्णवच्या पहिल्या वाढदिवसाच्या अल्बममध्ये तू एकाही फोटोत नाहीस, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मनाच्या डॉक्टरांकडे जाते म्हणालीस, तर मी म्हटलं, आम्हाला काय मुलं झाली नाहीत? सगळी थेरं. ते बोलणं मी परत घेते. ब्लाऊजबद्दल फोनवर बोलले तेही. हॉस्पिटलने मला समुपदेशक बाईंचं नाव लिहून चिठ्ठी दिली होती. ती दीड वर्ष खणात पडून होती. गुरुवारी जाते आहे. रंकाळ्यावरून, चालत.

आता लिहिण्याचं खरं कारण. मीनाबाईंनी विचारलं, हूक पुढं का मागं? जन्मभर मी पुढचेच सांगत आले, कोणाची मदत लागायला नको म्हणून. ऑपरेशनपासून तर माझा उजवा हात पाठीमागे जातही नाही. तरी या वेळी मी मागचे सांगितले. तू एकोणीस तारखेलाच ये. खोलीला कडी लावू, पण तू आत असशील. जे मी तुला बघू दिलं नाही ते बघ, आणि मग हूक लाव. तुझ्याबद्दल सांगावंसं वाटलं तर सांग. मी मध्ये बोलणार नाही. हे मला जमेल असं लिहिते आहे.

तुझीच,
आई

सोमवारी सकाळी पुण्याला निघालेल्या मामाच्या कृष्णातकडे दिलं:
कांदा-लसूण चटणी, एक बरणी.
अर्णवची लोकरीची टोपी, इथे राहिलेली.
तुझा हिरवा ब्लाऊज, बाजूच्या शिवणी उसवून. माप तुझं तू घे. मला कळवायचं कारण नाही.
माझा जुना मापाचा ब्लाऊज पाठवलेला नाही. तो मीनाबाईंना मशीन पुसायला दिला.
नवा इथेच आहे.