मागे तोंड करून बसायची गाडी

दौलताबाद,
रविवार

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम. चतुराबाईंचा फोन तुला या पत्राआधी गेला असणार, म्हणून आधी नुसत्या घटना देते.

१. आपण एक जुनी, विजेवर चालणारी गोल्फ कार्ट घेतली.
२. शुक्रवारी ती चतुराबाईंच्या कडब्याच्या गंजीत शिरली.
३. ती बाहेर काढताना सनई वाजली.
४. माझं लग्न ठरलेलं नाही.
५. पप्पा गाडीतून पडले नाहीत. ते उतरले होते.
६. शेळी ठीक आहे.
७. तुझ्या खोलीत क्रेट ठेवलेले नाहीत. ही अफवा कोणी उठवली ते माहीत नाही.

आता रीतीप्रमाणे. इकडे सगळे खुशाल आहेत. आईची पित्ताची तक्रार नेहमीइतकीच, पप्पांची सगळ्यांबद्दलची तक्रार नेहमीइतकीच. तुझा गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतो असं अतुलदादाने कळवलं. (त्याने ‘बऱ्यापैकी वाकतो’ असं कळवलं होतं. मी अंश विचारले.) फोनवर तू ‘बरं हाय’ म्हणतेस, मीही ‘बरं’ म्हणते, आणि त्यापुढे दोघींनाही काही सुचत नाही. कागदावर मला जरा जास्त सुचतं, म्हणून हे लिहिते आहे.

गोल्फ हा खेळ आपल्याकडे कोणी खेळत नाही. ही गाडी मोठ्या हॉटेलांत पाहुण्यांना खोलीपर्यंत सोडायला वापरतात. दार नाही, वर छत, चार माणसं बसतात, धावणाऱ्या माणसाएवढा वेग. रस्त्यावर चालवायला परवानगी नसते, पण आपल्याला घरापासून विहिरीच्या टोकापर्यंतच जायचं आहे आणि ती सगळी वाट आपल्याच जमिनीतून जाते. खरेदीचं कारण सीताफळाचे क्रेट. (आपली सीताफळं डोक्यावर नेण्याइतकीच निघतात असं तू म्हणशील. बरोबर आहे.)

गेल्या वर्षी ऑपरेशननंतर पप्पा तुला म्हणाले, “आक्का, तू आता घरी बस.” तू म्हणालीस, “बसायचंच आसंल तर पुण्यात बसते. तिथं लिफ्ट तरी हाय.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलीस. हे मी इथे फक्त नोंद म्हणून दिलं. त्याचा गाडीशी संबंध नाही.

गाडी मिळाली जालना रोडवर, आप्पासाहेबांच्या लॉन्सवर. तिथं लग्नं लागतात. नवरानवरीला स्टेजपर्यंत आणायला त्यांनी ही गाडी घेतली होती. पुढे फायबरचा हंस, छताला झालर, मागची सीट लाल मखमलीची, सोनेरी बटणांची. आता जोडप्यांना पालखी हवी असते की धुरातून चालत यायचं असतं, जे काही असेल, गाडी मागे पडली. आप्पासाहेब म्हणाले, बॅटऱ्या नव्यासारख्या आहेत. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या होत्या. मी मीटर काढला तसा त्यांचा चेहरा उतरला. “ताई, लग्नाच्या गाडीला कोणी मीटर लावतं का?” असं त्यांनी दुखावल्या स्वरात विचारलं. मी म्हणाले, लावायला हवा. सहांपैकी दोन बॅटऱ्यांवर भिंतीवरचं घड्याळही चाललं नसतं. त्यानंतर भावाची बोलणी सोपी झाली.

पप्पांनी त्यांच्या पद्धतीने तपासणी केली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेला माणूस. बॉनेटवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि आवाजावरून दुखणं सांगायचं. त्यांनी हंसाच्या मानेवर हात ठेवून डोळे मिटले. मी किल्ली फिरवली. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “बंद हाय.” मी म्हणाले, चालू आहे. ते म्हणाले, चालू असती तर बोलली असती. हे वाक्य लक्षात ठेव, शुक्रवारी लागणार आहे.

गाडी टेम्पोत चढवून आणली. मी ड्रायव्हरशेजारी बसले. पप्पा म्हणाले, सामानावर लक्ष ठेवतो, आणि वर मखमली सीटवर जाऊन बसले. ती सीट मागे तोंड करून आहे, त्यामुळे सगळा रस्ता मागच्या वाहनांना पप्पा समोरून दिसत होते. किल्ल्याजवळच्या दरवाजात नेहमीसारखी कोंडी झाली. पर्यटकांनी फोटो काढले. मागच्या बसमधल्या शाळेच्या मुलांनी त्यांना हात केला, आणि पप्पांनीही केला. हे मी आरशात पाहिलं. त्यांना मी पाहिल्याचं सांगितलेलं नाही.

आल्यावर मी हंस उतरवला, झालर काढली, सहाही बॅटऱ्या काढून लिथियमची एकच बसवली. (हंस कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवला आहे. कोंबड्या दोन दिवस आत गेल्या नाहीत.) पण सनईच्या स्पीकरकडे माझं लक्ष गेलं नाही. लॉन्सवर नवरानवरी मागच्या सीटवर बसत. त्यांची तोंडं स्टेजकडे राहावीत म्हणून गाडी उलटी, रिव्हर्समध्ये नेत. म्हणून त्यांच्या वायरमनने सनईचं कनेक्शन रिव्हर्सच्या स्विचवर दिलं होतं. कल्पना चांगली आहे. फक्त माझ्या तपासणीत गाडी एकदाही मागे घेतलेली नव्हती. मला पुढे जायचं होतं.

शुक्रवारी पप्पा गाडी घेऊन बांधापर्यंत गेले. थांबले. आवाज नाही, म्हणजे बंद, असं समजून उतरले. किल्ली तशीच. पायाशी युरियाची अर्धी गोणी उभी ठेवलेली होती. ती सावकाश कलंडली आणि पेडलवर झोपली. गाडी निघाली. आवाज नसल्यामुळे शेळीला कळलं नाही आणि पप्पांनाही कळलं नाही. शेळीला आधी कळलं. पप्पांनी मागे वळून पाहिलं तेव्हा गाडी बांधापलीकडच्या चतुराबाईंच्या गंजीत छतापर्यंत गेली होती, आणि चतुराबाई कमरेवर हात ठेवून ‘रामकिसन, तुला गाडी दिली कुन्नं’ या विषयावर बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यातलं बाकीचं मी लिहीत नाही, तुला पाठ असेल.

कंपनीला सुट्टी होती, मी घरी होते. धावत गेले, गोणी काढली, बसले आणि रिव्हर्स टाकला. सनई सुरू झाली. मोठी होती. मी थांबवायला ब्रेक दाबला, गाडी थांबली, सनई थांबली नाही. तोवर रस्त्याकडून माणसं यायला लागली होती. कडब्यातून हळूहळू, उलटी, लाल मखमली सीट पुढे करून मी बाहेर आले. केसांत कडबा. चतुराबाईंचा राग एका क्षणात गेला. त्यांनी विचारलं, “आगं संस्कृते, आन् नवरदेव कुठंय?” मी म्हणाले, नवरदेव नाही, वायरिंग आहे. त्यांनी हे ऐकून घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून साखर आली. आईने ठेवून घेतली, कारण आलेली साखर परत करत नाहीत असं ती म्हणते.

सनई मी त्याच दिवशी तोडली. पण पप्पा म्हणतात की गाडीला काहीतरी आवाज हवाच, मुक्या गाडीचा भरवसा नाही. म्हणून ती जोडलेली ठेवली आहे, आवाज बराच कमी करून. वाक्यात विसंगती आहे. असू दे.

आता बदलांविषयी. इंटरनेटवर या गाड्यांना काय काय लावतात ते पाहिलं. रंगीत दिवे, शीतकपाट, चकचकीत चाकं. यातलं काही घेतलं नाही. फक्त क्रेटच्या सोयीचं तेवढं केलं आहे:

पायरी खाली आणली. आता जमिनीपासून सात इंच. क्रेटला पाय उचलायला त्रास होऊ नये. डाव्या बाजूला धरायला दांडा लावला, कारण क्रेट डाव्या हाताने धरून उजवा गुडघा सावकाश वर घेतात. सीटचा फोम बदलायचा आहे. फार मऊ असला तर उठताना जोर लागतो, फार कडक असला तर ओरडा बसतो. दांड्याच्या खाली एक हुक आहे, तिथं क्रेटला आपली चंची अडकवता येईल. सुपारीसकट. वेग मी कंट्रोलरमध्ये इतका कमी ठेवला आहे की पप्पा शेजारून चालत वाद घालू शकतील.

आईने नेमकं विचारलं, एवढी उस्तवार कोणासाठी. मी म्हणाले, सीताफळं नाजूक असतात.

एक आरसाही बसवला. तो मागचा रस्ता दिसण्यासाठी असतो. मी कोन असा ठेवला की मागच्या सीटवर पाठमोरं बसलेल्या माणसाचा अंबाडा दिसेल. संध्याकाळी कंपनीतून आले की मी विहिरीपर्यंत एक फेरी मारते, बॅटरीची चाचणी म्हणून. आरशात सध्या सीटची कड दिसते आणि तिच्यावर थोडं आभाळ. आरसा बरोबर बसला आहे. त्यात काही चूक नाही.

राहिला वाद मागच्या सीटचा. ती पुढे फिरवून घ्यावी असं पप्पांचं म्हणणं होतं. पाठ करून बसलेलं माणूस रुसून बसल्यासारखं दिसतं, असं ते म्हणाले. मला आठवत होतं ते वेगळं. बैलगाडी होती तेव्हाही तू शेताकडे जाताना मागे पाय सोडून बसायचीस. मी मांडीवर असायचे. तू म्हणायचीस, शेत तर येनारच हाय, किल्ला जातोय तो बघून घ्यावा. तेव्हापासून मला वाटायचं की किल्ला रोज थोडा जातो आणि आपण परत येईपर्यंत जागेवर येतो. इंजिनिअरिंगनंतरही हे मत पूर्ण गेलेलं नाही.

बाकी विशेष नाही. अतुलदादाला आणि वहिनींना जयभीम. नातवाला पापा.

तुझी,
संस्कृती

ता. क. पप्पांना हे पत्र लिहिल्याचं माहीत नाही.

ता. क. २. माहीत होतं. पत्र टेबलावर राहिलं आणि त्यांनी वाचलं. टेम्पोतल्या प्रसंगाबद्दल ते म्हणाले की मुलांनी आधी हात केला, हे लिहिलेलं बरोबर आहे. मग बाहेर गेले. खिडकीतून पाहिलं तर गाडीत मागच्या सीटवर किल्ल्याकडे तोंड करून बसले होते. परत येऊन म्हणाले, विहिरीकडच्या ओळीतल्या सीताफळांनी डोळे उघडलेत असं लिही. मी म्हणाले, मग तोडू या. ते म्हणाले, “मला काय कळतंय. गेल्या साली तोडले ते दगडच राह्यले.” जरा वेळाने म्हणाले, “आनखी लिही. घरी बस म्हनलो ते चुकलं. गाडीत बस म्हनायला पायजे व्हतं.” तेव्हा गाडी नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ता. क. ३. गुलमंडीमागचा कुशनवाला गोकुळ या शुक्रवारी येणार आहे. तो मखमल काढून रेक्झिन लावेल आणि सीट चौकटीला कायमची वेल्ड करेल. नंतर फिरवता येणार नाही. त्या सीटवर क्रेट ठेवायचे नाहीत, ते पुढे मावतात. म्हणून जो माणूस तिथं बसणार आहे त्यालाच विचारायला हवं, तोंड किल्ल्याकडे की विहिरीकडे. फोनवर एक शब्द सांगितला तरी चालेल. ‘बरं हाय’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

गुरुवारपर्यंत कळव.