बिबिसाराच्या अकरा निगेटिव्ह

मी, सेइतनियाझ, ओराझबायचा मुलगा, वय चौऱ्याहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार मुयनाक, हे माझ्या मनाने, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. आधी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. घर, अंगण व स्टुडिओची खोली माझी एकुलती मुलगी अर्झिगुल हिला. समुद्र आटल्यापासून इथे घराला गिऱ्हाईक नाही, तरी विकायचे तर तिने खुशाल विकावे.

२. कपाटातल्या अकरा निगेटिव्हही तिलाच. तिची आई बिबिसारा हिचा फोटो मी स्टुडिओ उघडल्यापासून दर नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाला, काढत असे. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की डोळ्यांखालचे काळे आणि गालांचे खळगे छापात उजळ येतात. गिऱ्हाइकांचे करत असे, तसे बायकोचेही केले. दहाव्या वर्षी मेहुणा कल्लिबेक म्हणाला, "दाजी, ताई किती उतरलीय! दवाखान्यात न्या की."

मी भिंतीवरचा फोटो दाखवला. "डोळे फुटले का तुझे? हा बघ चेहरा."

"मी ताईबद्दल बोलतोय, तुम्ही कागद काय दाखवताय?"

मी त्याला घराबाहेर काढले. बिबिसारा चुलीपाशी होती. म्हणाली, "जाऊ द्या. फोटोत बरी दिसते ना मी?" पुढचा नवरोज झाला आणि महिन्याच्या आत ती क्षयाने गेली.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी सगळी पेन्सिल पुसून फोटो पुन्हा छापले, टेबलावर ओळीने मांडले. आजार तिसऱ्या वर्षापासून दिसत होता. अर्झिगुल तेव्हा सतरा वर्षांची. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं, बाबा. दिसल्याशिवाय झाकलंत कसं?" त्याच आठवड्यात ती नुकूसला मावशीकडे गेली. पुन्हा या घरात आली नाही.

३. भिंतीवरचा गालिचा कल्लिबेकला. तो त्याच्याच आईने विणलेला आहे. तो खरे बोलला, म्हणूनच मी सव्वीस वर्षे त्याच्याशी बोललो नाही.

४. कॅमेरा वेल्डर टोलिबायच्या बायकोला. बिबिसारानंतर मी पेन्सिल धरली नाही. कोणी आले की आधी नीट बघायचो आणि कित्येकांना सांगायचो, छाती तपासून या, फोटो नंतर. "फोटोवाला आहेस की हकीम?" म्हणत लोक निघून जात. टोलिबाय लग्नाच्या फोटोला आला, त्यालाही परत पाठवले. "परवा लग्न आहे माझं, म्हाताऱ्या!" म्हणून त्याने शिव्या घातल्या. पण त्याची होणारी बायको दारातून त्याच्याकडे बघत राहिली आणि दंड धरून त्याला दवाखान्यात घेऊन गेली. उपचारापायी लग्न वर्षभर लांबले. तिला कॅमेरा चालवता येत नाही. शिकेल.

५. माझ्या कबरीच्या दगडावर चेहरा कोरू नये. अर्झिगुलला निरोप द्यावा. ती येणार असेल तर उचलण्याआधी तोंडावरचे कापड काढून ठेवावे आणि तिला घाई करू नये. ही अट नाही, इच्छा आहे.

सही: सेइतनियाझ

साक्षीदार: १. टोलिबाय, वेल्डर. २. उलमेकेन, परिचारिका.

मुयनाक, १४ नोव्हेंबर २००९