गाळ्यातली दोन यंत्रं

सीवूड्स,
१३ जुलै २०२५

ती. कमळाकरमामांस,
नमिताचा साष्टांग नमस्कार.

मामीच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं का? इथे आम्ही ठीक. हे पत्र लिहितेय ते आईला माहीत नाही. फोनवर तुम्ही मध्येच माझी समजूत घालायला लागाल, म्हणून लिहितेय.

मंगळवारी उरणच्या कंटेनर यार्डात कॅमेरे तपासायला आले, तर गेटवर गणवेशात तुम्ही. करंजाड्यात स्वतःचं केबलचं ऑफिस असलेला माझा मामा वॉचमन झालाय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र शेजारच्या माणसाला कौतुकानं म्हणालात, "ही माजी भाची हाय. ह्ये कॅमेरं हिच्याच यंत्रावर चालतान." मग हळूच मला, "गिऱ्हाईक कमी झालंय गो. लाईटबिल तं भराला पायजे."

तुमचा चहा प्यायले. आणि कॅमेरे न तपासताच निघाले.

मामा, गिऱ्हाईक कमी झालेलं नाही.

तुमच्या केबल ऑफिसच्या गाळ्यात दोन संगणक-यंत्रं आहेत, एक तुमचं, एक आमच्या कंपनीचं. यार्डातल्या कॅमेऱ्यांची चित्रं लांबच्या सर्व्हरकडे न पाठवता ती जवळच तपासून देतात. वीज, एसी, देखभाल निम्मी-निम्मी. उत्पन्न मात्र ज्याच्या यंत्रानं जेवढं काम केलं, तेवढं त्याचं. करार मीच वाचून दाखवला होता. तुम्ही ऐकतही नव्हता. "तू हायस नं, मंग मी कशाला वाचू? सही कुठं करू त्या सांग."

काम कुठल्या यंत्राकडे जाणार हे आमच्या ऑफिसातून ठरतं. ते करारात नव्हतं. मार्चमध्ये आमचे साहेब, आशुतोष, म्हणाले, "आधी आपलं यंत्र भरू दे. उरलं तर त्यांना."

"ते माझे मामा आहेत," मी म्हटलं.

"मग तर ते काही विचारणारच नाहीत."

काम आधी आमच्या यंत्राकडे जाईल, असा बदल मीच केला. दुपारी, डबा खाऊन झाल्यावर. तेव्हापासून तुमचं यंत्र रिकामं चालू आहे आणि सगळ्या बिलाचा निम्मा भार तुमच्यावर. एप्रिलमध्ये मला बढती मिळाली. पेढे घेऊन तुमच्याकडेच आले. मामीनं ओवाळलं, आणि मी ओवाळून घेतलं. आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

शुक्रवारी साहेबांना सांगितलं, बदल काढून टाकते. "सगळे असंच करतात, उगाच रडू नकोस," म्हणाले. मी राजीनामा दिला.

कुठलं काम कुठल्या यंत्राकडे गेलं, त्याच्या मार्चपासूनच्या नोंदी आधीच काढून ठेवल्या होत्या, त्या सोबत आहेत. बदल कुणी केला त्या रकान्यात माझं नाव आहे. ते झाकू नका. बेलापूरला एका वकिलांची वेळ घेतलीय, सोमवार २१ तारीख, सकाळी अकरा. नोंदी घेऊन या.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच द्याल, आणि मग मला ती खरंच मिळाली असं वाटायला लागेल.

त्या दिवशी वकिलांकडे माझ्याशेजारी बसू नका, समोर बसा. काय केलं ते तुमच्याकडे बघून सांगायचंय.

आशीर्वाद न मागता,
नमिता