तीनशे कोटांची डावी बाजू

ती. मामांना भाचीचा वाकून नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. ताईकडे जाऊन महिना झाला, गुडघा वळू लागला का? तेल रोज चोळता की बाटलीकडे नुसतं बघता? इकडे मामी ठणठणीत आहे (जरा जास्तच, ते पुढे येईल).

आमच्या शिवणकामाच्या सहकारी संस्थेला तुम्ही 'बारा तोंडं आणि एक सुई' म्हणायचात ना, तर ऐका. इस्पितळाचं पहिलं मोठं काम मिळालं, डॉक्टरांचे तीनशे पांढरे कोट. ते गेलं असतं तर संस्थेला टाळंच. त्यात नमुन्यावरून वयाने ज्येष्ठ अशा दोन सभासदांची जुंपली, एक टकलू मास्तर आणि एक बाई (कोण ते नंतर). तीन तास सभा झाली, आणि कुणाचं मन मोडायला नको म्हणून एकमताने ठरलं की उजवी बाजू मास्तरांच्या नमुन्याने कापायची, डावी बाईंच्या. ठराव मीच लिहिला, तोही वळणदार अक्षरात! दोन्ही बाजू दोन खोल्यांत शिवल्या, शेवटी जोडल्या, तर डावी चार बोटं लांब, आणि गुंडी एकीकडे, काज भलतीकडे. इस्पितळाच्या कोठीवाल्या बाईंनी एक कोट अंगात घालून पाहिला आणि आठ दिवसांची मुदत दिली. मामा, मी जिन्यात बसून रडले हो.

पण सहकारी महासंघाच्या पिशवीवाल्या बाई आल्या (पिशवीत काय असतं देव जाणे, फोन नंबर मात्र सगळ्या गावाचे), आणि एका दुपारी चक्रं फिरली. डाव्या बाजू नव्याने कापायला विणकरांच्या संस्थेने कापड लगेच पाठवलं, पैशांची बोलणी मागाहून. तंत्रशाळेच्या कापणीच्या सरांनी त्यांचं मोठं मशीन दिलं, ते शंभर थर एका दमात कापतं. बेकरीवाल्यांच्या संस्थेने गाडी दिली. कोटांना पावाचा वास लागला, डॉक्टर म्हणे दिवसभर भुकेले होते. मला वाटायचं संस्था सभासदांवर चालते. छे! सभासद फक्त भांडतात, संस्था शेजाऱ्यांवर उभी राहते. काल कोट पोचले, पुढच्या वर्षाचंही काम मिळालं, आणि मी आज सकाळी आठपर्यंत झोपले. किती दिवसांनी!

तुमची, अजून सचिव असलेली,
भाची

ता. क. डाव्या बाजू नव्या, म्हणजे दीड हजार काजं नवी. तेवढी कशी केली हे तुम्ही विचारालच. तुमचं काजाचं मशीन, ज्याच्या खोळीलाही तुम्ही कुणाला हात लावू देत नाही, ते सध्या घरी नाही. मामीने दिलं.

ता. क. २. ते दर शंभर काजांना रुसतं. त्याची समजूत फक्त तुम्हालाच काढता येते. गुडघा वळत असेल तर याल का?

ता. क. ३. तोंडं बारा नव्हेत, तेरा आहेत. डाव्या बाजूच्या बाई म्हणजे मामी, वर्षभरापासून सभासद (दुपारी फिरायला जाते म्हणायची ती इथेच यायची). तिचा निरोप आहे, मशीन न्यायला येणार असाल तर येऊ नका, चालवायला येणार असाल तर तुमची खुर्ची मांडून ठेवली आहे.