चंपाषष्ठीचा गहू आणि भिमाजीचं पाणी

मी, कुसाबाई सावळीराम आवारे, वय एकाहत्तर, राहणार मौजे पिंपळदरा, जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं. कोणी धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवील असा गावात कोणी उरलाही नाही.

१. राहतं घर, विहीर व विहिरीजवळची दोन एकर मुलगा भारत यास. द्राक्षं लावायची तर खुशाल लाव बाबा, मला विचारायला येऊ नकोस.

२. बँकेतली ठेव व पाटल्या मुलगी रूपाली हिला.

३. थोरले दीर खंडेराव यांना माझा पाण्याचा माठ. 'देव कोपला म्हणून गहू चिमला' असं त्यांनी मला सात वर्षं ऐकवलं. गार पाणी प्यावं आणि पुढचं कलम वाचावं.

४. थर्मामीटर व वही नात चैताली हिला. कारण असं, की चंपाषष्ठीला खंडोबाला रोडगा दाखवल्याशिवाय आमच्या घरात गहू पेरायची पाभर शेतात जात नाही. अधिक महिना आला की चंपाषष्ठी डिसेंबरच्या मध्यावर सरकते, पेरणीही सरकते. २००१ च्या पेरणीला तसंच झालं आणि २००२ ला गहू निघाला नुसता चिमलेला. २००४ च्या पेरणीला शेवटचं पाणी मी स्वतः उभी राहून दिलं, तरी तेच! मग मला चैन पडेना. नाशकातून थर्मामीटर आणला, पंपाच्या खोलीच्या सावलीत टांगला आणि रोजचा पारा वहीत लिहू लागले. २००७ ला निम्मं रान दिवाळी होताच पेरलं, निम्मं चंपाषष्ठीनंतर. आधीचा गहू सहा पोती, दाणा टपोरा. मागचा पावणेचार. मागच्याचा दाणा भरायला मार्च उजाडला आणि दुपारी पारा छत्तिसावर होता. बिचारा दाणा भरायच्या आधीच पिकून गेला.

पण सासऱ्यांच्या वेळी चंपाषष्ठीचाच गहू चांगला यायचा, तो कसा? थंडी आता लवकर पळते, एवढं मला कळलं. रान ओलं ठेवलं तर गहू ऊन किती सोसतो, हे कळायचं राहिलं. ते चैतालीने शोधावं. देवाला रोडगा पेरणी झाल्यावर दाखवला तरी चालतो. मी दाखवला, काही झालं नाही.

५. गव्हाची एक एकर भिमाजी खैरनार यास. भिमाजी वीस वर्षं आमचा वाटेकरी होता. २००२ साली गहू चिमला तेव्हा मी मारुतीच्या पारावर, चार माणसांत, त्याला म्हणाले, "शेवटचं पाणी तू चोरलंस, आपल्या कांद्याला दिलंस." त्याने हातातला विळा खाली ठेवला आणि आमचं रान कायमचं सोडलं. वही सांगते की दोष पाण्याचा नव्हता.

हे लिहून झाल्यावर वाटलं, मेल्यावर माफी मागायची म्हणजे शुद्ध पळपुटेपणा. आज सकाळी त्याच्या घरी गेले. म्हटलं, "भिमाजी, चुकले रे मी. दोष उन्हाचा होता, तुझा नव्हता."

तो म्हणाला, "बाई, गहू सुकाया लागला म्हणून माझ्या पाळीचं पानी बी तुमच्याच रानात सोडलं व्हतं. माझा कांदा वाळला त्या साली. तुम्ही रोज बांधावरून जायच्या, दिसला नाय का?"

दिसला नाही. पारा, पोती, तारखा, सगळं पाहिलं. शेजारचा वाफा पाहिला नाही. फार लाज वाटली.

६. म्हणून हा कागद माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. येत्या रविवारी त्याच पारावर भारतने तो पहिल्यापासून मोठ्याने वाचावा. भिमाजीला खुर्ची द्यावी. मी खाली बसेन.

साक्षीदार: सहादू बुधा गांगुर्डे, मनीषा विठोबा निकम, शिक्षिका. दोघांदेखत सही केली.

कुसाबाई सावळीराम आवारे
पिंपळदरा, १२ मे २००९