पाइपवरचं मॅग्नेट

प्रिय आप्पा,

आज सकाळी पुण्याच्या हॉस्पिटलातून फोन आला. तुमच्या दुबळ्या हृदयावर ते चुंबकाचे नवे उपचार करून बघणार होते ना, त्या प्रयोगाच्या यादीत तुमचं नाव लागलंय. "पेशंटला सोमवारी घेऊन या," बाई म्हणाल्या. तुम्हाला जाऊन दीड महिना झाला, हे मी कसंबसं सांगितलं. फोन ठेवला आणि आधी तुमच्यावरच चिडले.

कसली घाई होती हो तुम्हाला? डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, हे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, गुण येईलच असं नाही, गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. तुम्ही मान हलवलीत. किती शहाण्यासारखी हलवलीत!

आणि गावी, राहूला, परत जाऊन काय केलंत? ठिबकच्या पाइपवरचं मॅग्नेट सोडलंत! विहिरीचं पाणी खारट, म्हणून दुकानदाराचं ऐकून तुम्ही ते बसवलेलं. तेव्हापासून ऊस कसा हिरवागार झालाय, हे गावभर सांगत फिरायचात. तेच टॉवेलात गुंडाळून छातीला बांधलंत. वरून बंडी, आईला दिसायला नको म्हणून. गोळ्या गेल्या विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत. पाण्याच्या गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं, तिचा तर तुम्हाला पहिल्यापासून राग.

आठ दिवसांत पाय सुजले. आईनं हटकलं तर म्हणालात, "आगं, उतार पडतोय. खाऱ्या पाण्याला गुण आला, मला न्हाई व्हय येणार?"

दोन दिवसांनी मोटार चालू करायला गेलात ते परत आलाच नाहीत. बंडी काढली तेव्हा आईला ते मॅग्नेट दिसलं.

खरं सांगू आप्पा? तुमच्यावर चिडणं सोपं आहे, म्हणून चिडते. ते मॅग्नेट बांधायच्या आधी तुमचा फोन आला होता. मी शिक्रापूरला कंपनीच्या गेटवर, शिफ्टला उशीर झालेला. तुम्ही विचारलंत, "सुनंदा, त्यो डाक्टरचा चुंबक म्हंजी आपल्या पाइपवरच्यावानीच आसतो का गं?"

आणि मी म्हणाले, "हो आप्पा, तसंच समजा. ठेवते."

तसंच समजा! दोन मिनिटं थांबले असते तर काय कंपनी बंद पडणार होती? ते मशीन वेगळं, ते डॉक्टरच चालवतात, घरी काही बांधायचं नाही, एवढंच तर सांगायचं होतं. तुम्ही न विचारता केलं असतंत, तर मला मनसोक्त रागावता तरी आलं असतं.

ते मॅग्नेट माझ्या कपाटात आहे. पाइपला परत लावलं नाही आणि टाकूनही देववत नाही.

आई तिच्या बीपीच्या गोळीचं एकच चारचारदा विचारते, तेही नेमकं शिफ्टच्या वेळी. काल परत फोन. "ही जेवायच्या आधी का नंतर गं?" माझ्या कपाळावर आठी आलीच. पण आप्पा, शब्द देते तुम्हाला. ती शंभरदा विचारू दे, मी गेटवर उभी राहून शंभरदा सांगेन. शिफ्टला उशीर झाला तर होऊ दे.

तुमची,
सुनंदा