राजाची अडीच घरं

अकोला, ५ नोव्हेंबर १९६१
क्लबात माझा ठराव पास. यापुढे बुद्धिबळ इंटरनॅशनल नियमांनीच. राजाने एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडायचं, ही गावठी सवलत बंद. म्हातारे खुशालराव म्हणाले, "काहून? राजाले तेवढी तरी सूट राहू द्या ना, मास्तर!" मी इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांना ते कळलं नाही. वाद मिटला.

८ नोव्हेंबर
२६ला अमरावतीशी मॅच. टीममध्ये एकच जागा उरली: मी किंवा तारऑफिसातला देवमन तायडे. म्हणजे मीच. सासुरवाडी अमरावतीचीच, तेव्हा सासऱ्यांना कार्ड टाकलं. कोट शिवायला दिला.

११ नोव्हेंबर
सिसिलियन डिफेन्सचं पुस्तक आणलं. काळी मोहरी घेऊन सरळ हल्ला! जहाल प्रकार. प्रस्तावना वाचून संपवली. देवमनची दया आली, पुस्तक त्याला दोन दिवस वाचायला दिलं.

१५ नोव्हेंबर
अभ्यास नाही. पुस्तक देवमनकडे. शिवाय कोटाची ट्रायल होती. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१८ नोव्हेंबर
आठला उठलो. थंडी फार.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी
जागेसाठी देवमनशी डाव. टॉसमध्ये मला पांढरी आली. पांढऱ्याचा अभ्यास कोण करतो? देवमनने काळ्याने सिसिलियनच काढला. सतराव्या खेळीला माझा राजा कोंडीत. मी शांतपणे तो उचलला आणि अडीच घरं उडवला.
क्लबात खुशालरावांना हसू आवरेना.
देवमन म्हणाला, "राहू द्या मास्तर, मले चालते." मी तत्त्व म्हणून नकार दिला. राजा जागेवर ठेवला. पण हात लागलेलं मोहरं हलवावंच लागतं, हाही माझाच नियम. तीन खेळ्यांत मात.
फार लागलं मनाला. जेवलो नाही. एकच भाकरी खाल्ली.

२० नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. या डिफेन्सने काळाच जिंकतो, असं मी आधीपासून म्हणत होतो. तेच सिद्ध झालं. सासऱ्यांना दुसरं कार्ड लिहायचं राहिलं.

अमरावती, २६ नोव्हेंबर
टीमसोबत आलो, सल्लागार म्हणून. कोट छान बसला. सासरे हार घेऊन हजर. देवमन काळ्याने जिंकला. हार त्याच्या गळ्यात मीच घातला, दुसरं काय करणार? भला माणूस. त्याने सासऱ्यांना सांगितलं, "हा डिफेन्स मले मास्तरांच्याच पुस्तकातून आला."
सासरे माझ्याकडे वळले. "मंग तुमी सोता काहून नाई शिकले, जावईबापू?"
बस सातची होती. पाचलाच स्टँडवर जाऊन बसलो.